दलीपसिंग सौंद यांची ट्रंक: शाळेत मागवण्याआधी हे वाचा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळांमधून सध्या एक निळी पत्र्याची ट्रंक फिरते आहे. आत दलीपसिंग सौंद यांचं चरित्र आहे, पण पुस्तकाच्या रूपात नाही. बारा कापडी फलक, एक मोठा नकाशा, पत्त्यांचा खेळ, चिंचोक्यांची पिशवी, आमरसाचा रिकामा डबा, शिक्षकांसाठी २४ पानी पुस्तिका आणि पेन ड्राइव्हवर तीन ध्वनिफिती, एवढा ऐवज. जिल्ह्याच्या ठिकाणचं एक वाचनालय ती पंधरा दिवसांसाठी देतं. अनामत १,००० रुपये, भाडं ३०० रुपये, आणि पार्सलचा जाण्यायेण्याचा खर्च शाळेचा. झाकणावर ‘इयत्ता पाचवी ते नववी’ असं लिहिलंय. पाचवीला यातून वगळा. कोर्टाचे निकाल आणि नागरिकत्वाचे कायदे त्या वयाला पचत नाहीत, आणि ते गाळले तर ‘एक मुलगा परदेशी गेला आणि मोठा माणूस झाला’ एवढंच उरतं. तशा गोष्टी शाळेच्या कपाटात पोत्याने पडलेल्या असतात.

नाव नवीन असेल तर थोडक्यात. सौंद यांचा जन्म १८९९ सालचा, अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डी गावचा. १९२० मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले, १९२४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली, मग जवळपास तीन दशकं शेती केली, आणि १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले. मताचा अधिकार असलेले सदस्य म्हणून तिथे बसलेले ते पहिले आशियाई, पहिले भारतीय आणि पहिले शीख. महामार्गावरचे ट्रकवाले सरदारजी आणि टीव्हीवरचे क्रिकेटपटू सोडले तर शीख माणसाशी ओळख नसलेल्या आपल्या मुलांसाठी विषय चांगला निवडला आहे.

सुरुवात आमरसाच्या डब्याने होते आणि ती झकास जमली आहे. सौंद अमेरिकेला गेले ते फळं टिकवण्याचं, डबाबंद करण्याचं शास्त्र शिकायला. गणिताकडे वळले ते नंतर. मे महिन्यात ज्यांच्या वाडीतून कॅनिंगच्या आंब्याचे टेम्पो भरून जातात, त्या पोरांना हे फोड करून सांगावं लागत नाही. ८५० ग्रॅमचा तो डबा वर्गात फिरवा आणि एवढंच विचारा, की हे शिकायला माणूस बोटीने अमेरिकेला का जाईल. दहा मिनिटं पुरतात. डब्याची वरची कड मात्र कापते. आधी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून घ्या, कारण वाचनालयाने ते केलेलं नाही.

खरा माल चौथ्या ते सातव्या फलकात आहे. अशा चरित्रांत बहुधा भेदभाव म्हणजे कुणीतरी वाईट बोललं आणि नायकाने ते हसून सोडून दिलं, इतपतच असतं. इथे तसं नाही. चौथ्या फलकावर कॅलिफोर्नियाचा १९१३ चा जमीन कायदा आहे: ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. १९२० मध्ये खंडाने घेण्याची वाटही बंद झाली. पाचव्या फलकावर १९१७ चा कायदा. त्याने आशियाचा मोठा पट्टा आखून तिथून येणाऱ्यांना दार बंद केलं, पण विद्यार्थ्यांना सूट ठेवली. सौंद त्या सुटीतून आत आले. हे दोन फलक भराभर उरका, कारण वेळ सहाव्याला द्यायचाय.

सहाव्या फलकावर दोन निकाल शेजारी शेजारी छापलेत. नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना, असा तेव्हाचा नियम. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कातडीचा रंग उजळ असून भागत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असं कोर्ट म्हणालं. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांचा निकाल लागला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचं म्हणणं, मानववंशशास्त्राच्या हिशेबाने उत्तर भारतीय कॉकेशियनच ठरतात, मग मला द्या. तेच कोर्ट, निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँडही तेच. आता ते म्हणाले, शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, साधा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर, आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं.

हा फलक वाचून दाखवू नका. उजवा निकाल आधी वर्तमानपत्राने झाका. डावा मुलांकडून वाचून घ्या, मग वर्गाचे चार-पाच गट पाडून सांगा, की तुम्ही थिंड यांचे वकील, या निकालाच्या आधारे तीन वाक्यांत बाजू मांडा. पंधरा मिनिटांत प्रत्येक गट केस जिंकल्यासारखा बोलू लागतो. मग कागद काढा. पुढचा गोंधळ आवरण्याची घाई करू नका, तो व्हायला हवा. ‘मग नियम नेमका काय होता?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि त्याचं उत्तर पुस्तिकेत नाही हे बरंच आहे. आणखी एक प्रश्न नक्की येतो, थिंड यांचं पुढे काय झालं. फलकावर ते नाही, म्हणून इथे देतो: पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये त्यांना शेवटी नागरिकत्व मिळालं.

सौंद यांची डॉक्टरेट या निकालाच्या पुढच्या वर्षीची. म्हणजे हातात गणिताची सर्वोच्च पदवी आणि समोर नागरिक व्हायचा रस्ता बंद. पुस्तिका इथे ‘त्यांना मातीची ओढ होती’ असं म्हणून निसटते. ओढ असेल-नसेल, विद्यापीठाबाहेर भारतीयांना तिथे फारशी दारं उघडी नव्हती. इंपिरियल व्हॅलीत आधीच शेती करणाऱ्या आपल्या माणसांमध्ये जाणं हाच पोट भरायचा मार्ग होता. कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम म्हणून त्यांनी सुरुवात केली. ‘ओढ’ असलेलं वाक्य पेन्सिलने खोडून शिकवावं. जमिनीचं जे झालं तेच संसाराचं: १९२८ मध्ये त्यांनी मेरियन कोसा यांच्याशी लग्न केलं आणि तेव्हाच्या कायद्यामुळे अमेरिकेत नागरिक असलेल्या मेरियन यांचंच नागरिकत्व गेलं. कारण नवरा नागरिक ‘होऊ न शकणारा’. आठव्या फलकावर हे एका ओळीत येतं. सातवी-आठवीच्या मुली नेमक्या याच ओळीवर थांबतात, तेव्हा ती ओळ घाईत ओलांडू नका.

चिंचोके सातव्या फलकासाठी आहेत. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली आणि वर्षाला १०० भारतीयांना स्थलांतर करून येण्याची परवानगी. तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास. पिशवीतले १०० चिंचोके टेबलावर ओतायचे आणि म्हणायचं, हा एका वर्षाचा कोटा. कल्पना साधी आहे पण पोचते. मुलं हिशेब करू लागतात, की आपल्या गावातून एकाचा नंबर लागायला किती वर्षं लागतील. एक गोष्ट मात्र फलकावर ठळक हवी होती, ती नाही. हा कायदा आपोआप झाला नाही. सौंद आणि त्यांच्यासारखे बरेच भारतीय अनेक वर्षं त्यासाठी खपत होते. १९४२ मध्ये सुरू झालेल्या इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेचे सौंद अध्यक्ष होते. माणूस चांगला वागला म्हणून लोकांचं मन बदललं, असा समज इथे होऊ द्यायचा नसेल, तर हे तोंडी सांगावंच लागतं.

नकाशावर येऊ. चित्रकाराने इंपिरियल व्हॅलीत उतारावरचं कौलारू घर, मागे हिरवा डोंगर आणि अंगणात माडासारखं झाड काढलंय. झाड एक वेळ खजुराचं म्हणून खपेल, शेजारच्या कोचेला खोऱ्यात खजुराच्या बागा आहेतच. पण पन्हळीतून गळणाऱ्या पागोळ्या कुठून आल्या? तो भाग वाळवंटी, बराचसा समुद्रसपाटीच्याही खाली, वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरही नाही. रत्नागिरीत तेवढा जूनमध्ये एका दिवसात पडून जातो. तिथली शेती चालते कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर. हे सांगितल्याशिवाय त्या मतदारसंघात पाणी हा राजकारणाचा विषय का होता, ते कोकणातल्या पोराला कळणार नाही. त्याच्यासाठी पाणी म्हणजे चार महिने नको तितकं आणि एप्रिलमध्ये टँकर. जाड कागदाचा एक तुकडा कापून डोंगरावर टाचणीने लावा आणि त्यावर सरळ कालवे काढा, काम भागतं.

चुका आणखी दोन आहेत आणि त्या जास्त गंभीर. नवव्या फलकावरच्या कालपट्टीत ‘१९५०: न्यायाधीश’ असं छापलंय. सौंद १६ डिसेंबर १९४९ रोजी नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलंडच्या स्थानिक न्यायाधीशपदाची निवडणूक त्यांनी जिंकली, पण निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला वर्ष पुरं झालेलं नव्हतं म्हणून ती रद्द झाली. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकून त्या खुर्चीवर बसले. म्हणजे गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग छपाईत गेला. दुसरी चूक बाराव्या फलकावर: शपथ घेणारे सौंद केशरी पगडीत दाखवलेत. सुरुवातीला ते पगडी बांधत, पण अमेरिकेत पुढे त्यांनी ती सोडली. काँग्रेसमधल्या छायाचित्रांत ते सूट-टायमध्ये, उघड्या डोक्याने दिसतात. पगडी काढली हे लपवण्यात काही हशील नाही. उलट मुलांशी बोलायला तो मोठा धागा आहे, की तिथे स्वीकारलं जाण्यासाठी माणसाला काय काय सोडावं लागलं. पगडीवरून तरीही त्यांना टोमणा बसलाच. न्यायाधीशपदाच्या प्रचारात एकाने विचारलं, निवडून आलात तर तुमच्या कोर्टात यायला पगड्या तुम्ही पुरवणार की आम्ही विकत घ्यायच्या? सौंद यांचं उत्तर असं, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, आत काय आहे ते मी बघतो. हा प्रसंग दुसऱ्या ध्वनिफितीत आहे आणि आवाज देणाऱ्याने तो अजिबात न ताणता सांगितलाय, त्याबद्दल त्याचे आभार.

१९५६ ची निवडणूक अकराव्या फलकावर. मतदारसंघ रिव्हरसाइड आणि इंपिरियल या दोन काउंटींचा, क्षेत्रफळ साधारण ३०,५०० चौरस किलोमीटर. फलकावर नुसता आकडा आहे आणि आकड्याने सातवीच्या मुलाला काही होत नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा अख्खा कोकण विभाग जवळपास तेवढाच भरतो. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा असेल तर डहाणू ते बांदा बोट फिरवा आणि सांगा, की एका माणसाला एवढ्या मुलखात दारोदार जाऊन मतं मागायची होती. समोर उमेदवार होत्या जॅकलिन कॉक्रन, १९५३ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक; नाव, पैसा, ओळखी सगळं असलेल्या. सौंद थोड्याच मतांच्या फरकाने जिंकले.

याच फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सात वर्षांची अट’ आहे. तिचं छान गणित होतं. प्रतिनिधीगृहात बसायला सात वर्षांचं नागरिकत्व लागतं, आणि पक्षांतर्गत फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याने यावरूनच सौंद यांना कोर्टात खेचलं होतं. ते काही चाललं नाही. मुलांना तीन तारखा द्या: नागरिकत्व १६ डिसेंबर १९४९, मतदान ६ नोव्हेंबर १९५६, नवं सभागृह सुरू ३ जानेवारी १९५७. मतदानाच्या दिवशी सात वर्षं भरत नाहीत, सभागृह सुरू होताना भरतात, तीही १८ दिवस राखून. अट बसण्याच्या दिवशी मोजायची की मतदानाच्या, यावर वर्ग वीस मिनिटं भांडतो. १९५० ला रद्द झालेली निवडणूक आठवत असेल तर आणखी रंगतो.

पत्त्यांच्या खेळाबद्दल आमचं मत फारसं बरं नाही. पाच जणांचा गट, प्रत्येक गटाला घरांचे वीस पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एक मतदार आणि त्याची तक्रार: कालव्याचं पाणी, पिकाचा भाव, मुलाची शाळा, किंवा ‘तू इथला नाहीस’. उत्तराचे तीन पर्याय असतात. बरोबर निवडला की मत मिळतं. नियम समजायला दहा मिनिटं, खेळायला पस्तीस, म्हणजे जोडतासिका हवी. अडचण अशी, की इथे गोड उत्तर दिलं तर प्रत्येक माणूस विरघळतो. विसाव्या पत्त्यापर्यंत गटाला वीस मतं पडलेली असतात. प्रत्यक्षात जवळजवळ निम्म्या मतदारांनी दुसरीकडे मत दिलं होतं. उपाय सोपा आहे: गटागणिक आठ पत्त्यांच्या मागे पेन्सिलने फुली मारा आणि सांगा, की या घरात काहीही बोललात तरी मत मिळत नाही, हे दार वाजवल्यावरच कळेल. मग पोरं वेळ कुठे घालवायचा याचा विचार करू लागतात, आणि खेळाला थोडं राजकारणाचं रूप येतं.

पुस्तिकेच्या १९ व्या पानावरचा उपक्रम मात्र आहे तसा करू नका. ‘तुमच्या गावात बाहेरून कोण आलं आहे? यादी करा’ असा तो आहे. आपल्या शाळांत बागेची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, बोटीवरच्या खलाशांची, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुलं बसलेली असतात. यादी सुरू झाली की तीस माना त्यांच्याकडे वळतात. जे शिकवायला ट्रंक मागवली, नेमकं त्याच्या उलट घडतं. त्याऐवजी प्रत्येकाला नावाशिवाय चिठ्ठी द्या: तुमच्या घरातलं कोण, केव्हा, कुठे कामासाठी गेलं आणि तिथे लोक त्यांना काय म्हणत. मुंबईला चाळीतल्या खोलीत दहा-बारा जणांनी दाटीवाटीने दिवस काढलेले आजोबा आपल्याकडे घरटी एक तरी निघतात. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि शिक्षकाने वाचायच्या. नेपाळी मुलाची चिठ्ठी त्यांतच एक होऊन जाते.

कथा बाराव्या फलकावर शपथेशी थांबते. मुलं विचारतात, पुढे काय. सौंद १९५८ आणि १९६० मध्ये पुन्हा निवडून आले, परराष्ट्र व्यवहार समितीवर होते, १९५७ मध्ये भारतातही येऊन गेले. मे १९६२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, प्रचार करता आला नाही आणि त्या वर्षीची निवडणूक ते हरले. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. २००७ मध्ये त्यांचं तैलचित्र वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत लावलं गेलं. एवढं फळ्यावर लिहिलं की पुरे.

आता टांगण्याचा प्रश्न. फलक तीन फूट बाय दोन फुटांचे, वरच्या कडेला दोन पितळी कड्या. पुस्तिका म्हणते, भिंतीत खिळे ठोका. जांभ्याच्या भिंतीत खिळा धरत नाही, चिरा भुगा होऊन खाली पडतो आणि मुख्याध्यापक तुमच्याकडे बघतात. खिडकीच्या गजापासून समोरच्या गजापर्यंत काथ्याची दोरी ताणा आणि कड्यांतून सुतळी ओवून फलक बांधा. एका दोरीवर चारच फलक लावा, पाचव्याला ती झोळ धरते. फलक सुती कापडाचे आहेत आणि रंग चांगले बसलेत, पण पावसात दमट होऊन दोन दिवसांत खालून काळे ठिपके धरतात. जून ते सप्टेंबर ट्रंक मागवूच नका. मागवलीतच तर रात्री फलक ट्रंकेत बंद करू नका, दोरीवरच राहू द्या आणि खोलीत पंखा चालू ठेवा. ट्रंकेत कापराच्या वड्या टाकलेल्या असतात, त्या कसरीसाठी. ओलीवर त्यांचा उपयोग शून्य. आठव्या फलकाच्या शिवणीत आत्ताच बुरशी दिसते आहे. ताब्यात घेताना तो उलगडून बघा आणि पावतीवर तसं लिहून घ्या, नाहीतर अनामतीतून कापून घेतात.

गणपतीनंतर लगेच मागणी वाढते, कारण सगळ्यांना दिवाळीच्या सुट्टीआधीचे पंधरा दिवस हवे असतात. जानेवारी मागा. वर्गाला जोडतासिका मिळतात, हवा कोरडी असते आणि दहावीच्या सराव परीक्षांमुळे मोठा हॉल नसला तरी या ट्रंकेला एक वर्गखोली पुरते. अख्खा संच विकत घ्यायचा असेल तर ४,८०० रुपये सांगतात. नववा आणि बारावा फलक नव्याने छापून मिळेपर्यंत घेऊ नका. भाड्याचे ३०० मात्र बिनधास्त भरा. ध्वनिफिती आल्या दिवशीच मोबाइलवर उतरवून घ्या. तीन मिळून २२ मिनिटं होतात, आणि शाळेच्या स्पीकरला लावायची वायर ट्रंकेत नाही.